गोधडीतले बांध

खारेपाटातला शेतकरी समुद्राच्या अंगाच्या मोठ्या बांधाला 'बाहेरकाठा' म्हणतो. भरतीचं पाणी भातखाचरात शिरू नये म्हणून रचलेली ती शेताची शेवटची कड. काठ्याला भगदाड पडलं तर ती 'खांड', आणि आतलं पावसाचं पाणी ओहोटीला सोडायचं दार ती 'उघाडी'. त्याच घरातल्या आजीच्या लुगड्याची कडही काठच. लुगडं बसायच्या जागी विरलं की ती मधला विरलेला भाग कापून काढायची आणि उरलेले दोन तुकडे एकमेकांना जोडायची. त्या जोडाला 'दंड' म्हणतात, आणि असं लुगडं ते दंडाचं लुगडं. शेतात पाणी फिरवायला काढलेली वाट, तोही दंडच.

शेताचे आणि कापडाचे शब्द असे एकमेकांच्या घरी नांदतात, याला मी बरीच वर्षं योगायोग समजत होते. गोधडीचं कूळ शोधायला लागले तेव्हा योगायोगाची बाजू लंगडी पडली. कापडाचे चौकोन आणि त्यांच्यामधून जाणाऱ्या पट्ट्या हा नमुना शेताकडे बघून बेतला गेला, अशी लेखी हकीकतच आहे, आणि ती दोन हजार वर्षांहून जुनी आहे.

आजकाल शिवणाच्या वर्गांत या पट्ट्यांना 'सॅशिंग' म्हणतात. चौकोन थोडे कलते बसवायचे, मधून उठावदार रंगाच्या सरळ पट्ट्या न्यायच्या. गोधडी डोलल्यासारखी दिसते आणि तरी चौकटीत राहते. ही परदेशाहून आलेली नवी टूम आहे असा समज आहे. नाव परदेशी आहे खरं, पण पट्टीचं गोत्र आपल्याकडचं आहे.

मगधातली खाचरं

ही हकीकत पाली विनयपिटकातल्या, म्हणजे बौद्ध भिक्षूंच्या नियमग्रंथातल्या, महावग्गात आहे. बुद्ध राजगृहाहून दक्खिणागिरीकडे निघाले होते. वाटेत मगधातली शेतं लागली. आडवे-उभे बांध, ओळीने मांडलेली खाचरं, बांध एकमेकांना छेदतात तिथे पडलेले चौक. बुद्धांनी शिष्य आनंदाला विचारलं, भिक्षूंची चीवरं, म्हणजे वस्त्रं, अशी करता येतील का? आनंद म्हणाला, येतील. काही दिवसांनी त्याने ती शिवून दाखवली. थोडक्यात सांगितलेलं याला तपशिलात कळतं, असं म्हणून बुद्धांनी त्याचं कौतुक केलं.

त्या कौतुकात चीवराच्या भागांची नावं येतात, आणि शिवणकाम करणाऱ्या माणसाचे कान तिथे टवकारतात. लांब पट्टी ती 'कुसी', तिला आडवी जाणारी आखूड पट्टी ती 'अड्ढकुसी'. मधला मोठा तुकडा 'मंडल', त्याच्या निम्मा तो 'अड्ढमंडल'. मानेशी कापड घासतं तिथला जादा तुकडा 'गीवेय्यक', पोटरीशी घासतं तिथला 'जंघेय्यक'. म्हणजे खाचर आहे, बांध आहे, आणि झिजणाऱ्या जागी दुहेरी कापडही आहे. आजच्या क्विल्टच्या पुस्तकातला आराखडा याहून फार वेगळा नसतो.

चांगलं कापड कापायचं कशाला, याचंही कारण तिथेच आहे. अखंड वस्त्राला बाजारात किंमत येते. तुकडे करून जोडलेल्याला ती येत नाही. असं वस्त्र श्रमणाला शोभतं आणि चोराला त्याची हाव सुटत नाही. शिवाय उकिरड्यावर टाकलेल्या, स्मशानात सापडलेल्या चिंध्यांची, म्हणजे 'पंसुकूल' वस्त्रं करायची रीत होतीच. चिंध्या कधी एका मापाच्या नसतात. लहानमोठे तुकडे एका रांगेत आणायचे तर मधल्या पट्टीला कुठे अरुंद, कुठे रुंद व्हावं लागतं. दोन शेजाऱ्यांच्या वेड्यावाकड्या खाचरांमधला बांध हेच काम करतो.

हा बेत भिक्षूंबरोबर चीन-जपानपर्यंत गेला. जपानमध्ये त्याला 'केसा' म्हणतात, आणि केसाला पाचापासून पंचवीसपर्यंत उभे पट्टे असतात. नारा इथल्या शोसोइन या भांडारात सम्राट शोमूचे केसा जपून ठेवले आहेत. सम्राटाच्या निधनानंतर इ.स. 756 मध्ये सम्राज्ञीने ते अर्पण केले होते. चिंधीने राजवाडा गाठला तो असा. ब्रिटनमधल्या जोडकामाच्या, साल घातलेल्या सर्वांत जुन्या ज्ञात पलंगपोसावर 1718 हा आकडा आहे. दोन्हींमध्ये साडेनऊशे वर्षांचं अंतर आहे, आणि आनंदाचं चीवर त्याच्याही पलीकडचं.

बारा कार्षापणांचं कापड

मगधातली गोष्ट महाराष्ट्रात कशी आली, हे सांगायला दगड आहेत. नाशिकच्या पांडवलेण्यात, दहा क्रमांकाच्या लेण्यात, क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्यात बेचाळिसाव्या वर्षाचा उल्लेख आहे. त्याने गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, तीन हजार कार्षापण नाण्यांची कायमची ठेव ठेवली. एका श्रेणीकडे दोन हजार, दरमहा शेकडा एक व्याजाने. दुसरीकडे एक हजार, शेकडा पाऊण व्याजाने. दोन हजारांच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापणं चीवरासाठी द्यायची.

हिशेब करून पाहा. दोन हजारांवर महिना वीस, वर्षाला दोनशे चाळीस. वीस भिक्षू गुणिले बारा, दोनशे चाळीस. पैही इकडेतिकडे नाही. आणि मुद्दल कुणाकडे? विणकरांकडे. कापडाचा पैसा कापड विणणाऱ्यांच्या हाती फिरत ठेवायचा आणि त्याच्या वाढीतून भिक्षूचं वस्त्र भागवायचं. कान्हेरीच्या लेण्यांतल्या लेखांतही चीवरासाठी ठेवलेल्या अशा ठेवी आहेत.

कान्हेरीहून समुद्राकडे उतरलं की घारापुरी. बेट मुंबईचं म्हणून ओळखलं जातं, पण ते आहे रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यात. शिवाची लेणी पश्चिमेच्या टेकडीवर. पूर्वेच्या टेकडीवर बौद्ध स्तूपाचे अवशेष आहेत. म्हणजे मंडल आणि कुसी जोडलेली वस्त्रं अंगावर घेतलेली माणसं याच तालुक्यात वावरली. खाडीच्या अलीकडे उरणचा द्रोणागिरी डोंगर त्यांना रोज दिसत असणार.

वाकळ, गोधडी, चौघडी

भिक्षू गेले तरी तुकड्यांचं वस्त्र गेलं नाही. ते जोगी, गोसावी आणि बैराग्यांच्या खांद्यावर आलं. संस्कृतात त्याचं नाव 'कंथा'. भर्तृहरीच्या वैराग्यशतकात शंभर फाटक्या तुकड्यांच्या कंथेचा उल्लेख आहे. नाथपंथी जोग्याच्या वेषात कंथा आहेच. बंगालात हाच शब्द घरात शिरला आणि काथा या नावाने नक्षीदार पांघरूण झाला. मराठी घराने मात्र कंथा जोग्याकडेच राहू दिली आणि स्वतःसाठी दुसरे शब्द घेतले.

त्यांतला 'वाकळ' सगळ्यांत बोलका. संस्कृत वल्कल, प्राकृत वक्कल, मराठी वाकळ, हा प्रवास ध्वनींच्या नियमांत सरळ बसतो. वल्कल म्हणजे झाडाची साल. रामायणातल्या वनवासाचं वस्त्र मराठवाड्यातल्या आणि देशावरच्या घरात अंथरुणाच्या घडीत जाऊन बसलं. गोव्यातही वाकळ आहे. 'गोधडी'चे सख्खे भाऊबंद उत्तरेला आणि पश्चिमेला आहेत: हिंदी गुदडी, गुजराती गोदडी. 'दुपटं' म्हणजे दोन पदरांचं, ते तान्ह्या बाळाचं. 'चौघडी' म्हणजे चार पदरांची. थंडी किती आणि घरात जुनेरं किती, त्यावर पदर ठरायचे. 'जुनेर' हाही घट्ट मराठी शब्द: नेसून नेसून मऊ झालेलं, नेसायच्या पलीकडे आणि टाकायच्या अलीकडे असलेलं लुगडं.

गोधडीचं वैराग्याशी असलेलं नातं पुरतं तुटलं नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कर्जतचं ग्रामदैवत गोदड महाराज. आणि अमरावती जिल्ह्यातल्या शेणगावात 1876 साली जन्मलेले डेबूजी जानोरकर, म्हणजे गाडगेबाबा. अंगावर चिंध्यांचं वस्त्र, हातात खराटा आणि गाडगं. गाडग्यावरून ते गाडगेबाबा झाले, पण त्यांना गोधडेबुवा आणि चिंधेबुवा म्हणणारे भागही होते. तुकडे जोडलेलं वस्त्र चोराला नको असतं, हा महावग्गातला मुद्दा त्यांनी जगून दाखवला.

पट्टी रंगीत कशी झाली

इथे एक अडचण येते. चीवर कितीही तुकड्यांचं असलं तरी शेवटी एका रंगात, काषायात, बुडवून काढतात. त्यात तुकडे वेगळे उठून दिसत नाहीत. मग गोधडीत पट्टी उठून दिसायला कधी लागली?

याचं उत्तर माझ्या मते लुगड्याच्या विणीत आहे. आपलं लुगडं मुळातच दोन रंगांचं. अंग एका रंगाचं, काठ दुसऱ्या. चंद्रकळा काळी, तिचा काठ लाल. इरकलीचं अंग सुती आणि काठ रेशमी, पुढे नकली रेशमाचा. इरकलीचा पदरही वेगळ्या ताण्याचा. विणकर त्या ताण्याचे फासे अंगाच्या ताण्यात अडकवून दोन्ही जोडतो. म्हणजे हे वस्त्र मागावरच सांधलं गेलेलं असतं.

आता हे लुगडं दहा वर्षं नेसलं की काय होतं? अंग बसून-उठून, धुण्याच्या दगडावर आपटून विरतं. काठाला ताणा दाट असतो, कड घट्ट असते, म्हणून तो टिकतो. जुनेराच्या ढिगाशी बसलेल्या बाईपुढे त्यामुळे दोन जातींचा माल पडतो: मऊ पण नाजूक अंग, आणि अरुंद पण चिवट काठ. तिने काय करावं? मऊ तुकडे पांघरणाऱ्याच्या अंगाला लागतील असे पसरावेत, आणि जोडाच्या जागी, जिथे ताण बसतो तिथे, काठाच्या पट्ट्या शिवाव्यात. लाल-काळा विरोधी रंग तिने निवडला नव्हता. मजबुतीसाठी काठ घेतला, रंग त्याच्यासोबत आला. नंतर डोळ्याला त्याची गोडी लागली आणि मग साध्या कापडाची गोधडीही उठावदार पट्टीवाचून उघडी वाटू लागली. कडेने फिरवलेल्या अशाच अरुंद पट्टीला शिवणकामात 'मगजी' किंवा 'गोट' म्हणतात.

बहुतेक हस्तकलांमध्ये सौंदर्य असंच येतं, कामाचं बोट धरून. नक्षी म्हणून आधी कागदावर आखलेली गोष्ट फार क्वचित टिकते.

चौकोन कलले ते कात्रीमुळे

लुगडं, धोतर, उपरणं, पागोटं ही सगळी न कापता वापरायची वस्त्रं. ती फाटतातही धाग्याच्या वाटेने, सरळ. त्यांच्यापासून केलेल्या गोधडीत आयत आणि चौकोन पडतात. तिरका तुकडा घरात यायला कात्री आणि शिंपी यावा लागला. बंडी, सदरा, पोलकं, झबलं बेतलं की बगलेखालून, गळ्यातून आणि कळ्यांमधून जी कातरण पडते ती त्रिकोणी, पाचरीसारखी, कलती असते. मुंबईत 1854 मध्ये कावसजी दावर यांनी पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली. गिरण्या वाढल्या तसं शिवलेल्या कपड्याचं कापड स्वस्त झालं, आणि शिलाई यंत्र आल्यावर आळीआळीत कातरणीच्या पिशव्या भरू लागल्या. शिंप्याला ती कचरा, शेजारणीला ती ठेव.

तिरक्या कापडाला शिवणकामात 'उरेब' म्हणतात. हा शब्द फारसीतून आला. कापडाचा ताणा आणि बाणा एकमेकांना काटकोनात असतात. धाग्याच्या दिशेने ओढलं तर कापड जवळजवळ ताणत नाही, पण कोनातून ओढलं की रबरासारखं लांबतं. म्हणून गळ्याला उरेब पट्टी लावतात, ती वळणावर बसते. हाच गुण गोधडीत अवगुण ठरतो. चारही कडा उरेब असलेला तुकडा शिवताना लांबतो, कोपरा सरकतो, गोधडी फुगते.

यावर दोन उपाय निघाले. पहिला आपल्या बायकांचा. त्या वरचा थर आधी जोडून घेतच नाहीत. जमिनीवर अखंड जुनेर पसरतात, त्यावर पदर, आणि तुकडे मांडत, कडा आत दुमडत, धावदोऱ्याने सगळे थर एकदमच शिवत जातात. खालचं अखंड कापड भार घेतं, त्यामुळे वरचा तुकडा कितीही तिरका असला तरी त्याला पळायला जागा नसते. बऱ्याच मराठी गोधड्यांत टाके कडेपासून निघून चौकोनी फेऱ्या घेत मध्याशी पोचतात. पाश्चात्त्य पद्धतीत याच्या उलट, मध्यापासून कडेकडे जातात. थर आत चोळामोळा होऊ नयेत ही त्यांची काळजी. आपल्याला ती सुरकुती चालते. तिच्यातच ऊब साठते.

उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड भागात राहणाऱ्या सिद्दी स्त्रियांनी हीच पद्धत कळसाला नेली. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले. घरात त्या कोकणी-मराठीच्या जवळची बोली बोलतात. त्यांच्या गोधडीचं नाव 'कवंदी'. ती कोपऱ्यातून सुरू होते, कडेकडेने फिरत मध्यात संपते, आणि तिच्या चारही कोपऱ्यांवर घडी घातलेल्या कापडाचे त्रिकोण असतात, त्यांना 'फुलं' म्हणतात. फुलं नसलेली कवंदी त्यांच्या लेखी उघडीबोडकी. रायगडकरांना सिद्दी म्हटलं की जंजिऱ्याचं सागरी राज्य आठवतं. दर्यावर सत्ता गाजवणाऱ्यांचे हे दूरचे भाऊबंद जंगलाकाठच्या गावांत सुईदोऱ्यासाठी ओळखले जातात. महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर गीता खंडेलवाल यांनी इंग्रजीत सचित्र पुस्तक केलं. ते फ्रान्समधल्या, क्विल्टला वाहिलेल्या प्रकाशनाने काढलं. घरचं वैभव ओळखायला पाहुणा लागतो, ही आपली जुनी खोड.

कर्णाची बाजू

दुसरा उपाय गणिताचा. चौकोन कलता दिसावा, पण त्याची बाहेरची कड सरळ धाग्यावर यावी. त्यासाठी चौकोन सरळ कापायचा आणि त्याच्या चारही बाजूंना त्रिकोणी पाचरी जोडून त्याला एका मोठ्या सरळ चौकोनात बसवायचं. मोठ्या चौकोनाची बाहेरची कड उरेब नसते, त्यामुळे पट्टी तिच्यावर सुरळीत बसते.

प्रत्यक्ष माप घेऊ. शिवून झाल्यावर 12 इंचाचा चौकोन आहे आणि तो 15 अंशांनी कलवायचा आहे. त्याला सामावणारा सरळ चौकोन होतो 14.7 इंचांचा. कोपऱ्यातल्या प्रत्येक त्रिकोणाच्या काटकोनाच्या बाजू 11.6 आणि 3.1 इंच. म्हणजे त्या मापाचे दोन आयत घ्या, प्रत्येक कर्णावर कापा, चार पाचरी तयार. कल 45 अंशांचा केला, म्हणजे चौकोन टोकावर उभा केला, तर त्याला 17 इंच जागा लागते. जितका कल तितकं कापड जास्त. नखऱ्याचा खर्च असतोच.

दोन गोष्टी सांभाळायच्या. एक, शिवणीसाठी सोडायची 'माया'. जास्तीच्या कापडाला हे नाव कुणी दिलं असेल त्याला दंडवत. पाव इंचाची शिवण धरली तरी पाचरीच्या निमुळत्या टोकामुळे लांब बाजूला सुमारे दोन इंच आणि आखूड बाजूला अर्ध्या इंचाहून किंचित जास्त माया सोडावी लागते. तिथे कंजुषी केली तर टोक शिवणीत गडप होतं. दुसरी, आयत कापताना कर्ण कोणता घेतला यावर चौकोन डावीकडे कलणार की उजवीकडे ते ठरतं. एका रांगेत एक डावा, एक उजवा ठेवला तर गोधडी डोलते. सगळे एकाच बाजूला कलले तर वादळात सापडल्यासारखी दिसते.

आता पट्टी. असे 20 चौकोन, आडवे चार आणि उभे पाच. मध्ये आणि कडेने 2 इंची पट्ट्या. गोधडी होते 68.8 इंच रुंद आणि 85.5 इंच लांब, एका माणसाला ऐसपैस. पट्ट्यांची एकूण लांबी भरते सुमारे 780 इंच. नऊवारी लुगड्याची लांबी 324 इंच. दोन काठ मिळून 648. म्हणजे एका लुगड्याचे काठ पुरत नाहीत, दुसरं लुगडं लागतं. माझ्या आईला मी हा हिशेब वाचून दाखवला तेव्हा ती हसली. "अगं, एका लुगड्याची गोधडी कधी कुणी ऐकली आहे का?" म्हणाली. सासूचं एक, आईचं एक, हा तिचा हिशेब. आकडा तोच निघाला.

द्रोणागिरी

महावग्गातली वाट दक्खिणागिरीला जाते. ही कुळकथा येऊन थांबते द्रोणागिरीला, आणि थांबायला जागा योग्य आहे. संजीवनीचा डोंगर नेताना मारुतीच्या हातून पडलेला तुकडा म्हणजे हा डोंगर, अशी लोककथा आहे. गोधडीच्या गोष्टीत डोंगरसुद्धा तुकडाच निघावा!

या डोंगराच्या पायथ्याची जमीन खाडीतून बांध घालून मिळवलेली. काही ठिकाणी भात, काही ठिकाणी मीठ. आगरी हे नावच 'आगर'वरून आलं, आणि आगर म्हणजे मिठागर. मिठागराचे वाफे आणि त्यांच्यामधले मातीचे अरुंद बांध वरून पाहिले तर आनंदाच्या चीवराचा आराखडा दिसतो, मंडल आणि कुसी. इथल्या माणसाने तो पाली वाचून केला नव्हता. पाणी अडवायचं तर दुसरा आकार नाही.

1970 मध्ये सिडको ही शहर उभारणारी सरकारी कंपनी स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण भागातल्या 95 गावांची जमीन नव्या शहरासाठी घ्यायचं ठरलं. द्रोणागिरी हा त्या शहराचा एक नोड, म्हणजे विभाग. रास्त मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठले. 16 आणि 17 जानेवारी 1984 या दोन दिवसांत उरण भागात झालेल्या गोळीबारात पाच जणांचा बळी गेला. त्या लढ्यातून साडेबारा टक्के योजना आली: संपादित जमिनीच्या छोट्या हिश्श्याएवढा विकसित भूखंड परत. अंग गेलं, काठ हाती राहिला. शेजारी न्हावा-शेवाचं बंदर 1989 मध्ये सुरू झालं. 12 जानेवारी 2024 ला उरणपर्यंत लोकल आली आणि द्रोणागिरी हे रेल्वेच्या फलकावरचं नाव झालं. भूखंडांच्या नकाशात चौकोन आहेत, मधले रस्ते पट्ट्यांसारखे सरळ आहेत, आणि किनारा वाकडा असल्यामुळे कडेला पाचरीही उरल्या आहेत. फक्त हे बांध आता पाणी अडवत नाहीत.

म्हणून गोधडीला नुसती आठवणींची चीज समजणं मला पटत नाही. बांध कुठे घालायचा, ताण कुठे बसतो, झिजणाऱ्या जागी काय जोडायचं, हे ज्ञान शेतातून कापडात आलं आणि शेत गेल्यावरही कापडात राहिलं. खाचर बुजवलं की पुन्हा काढता येत नाही. गोधडी उसवून पुन्हा शिवता येते, आणि दर दोन-चार पावसाळ्यांनी वरून नवा पदरही चढवता येतो.

घरात नऊवारी किंवा काठाचं कुठलंही जुनेर असेल तर ते बोहारणीच्या टोपलीत टाकण्याआधी एवढं करा: दोन्ही काठ धाग्याच्या रेषेत कापून, गुंडाळून ठेवा. दोन लुगड्यांचे झाले की एका गोधडीचे बांध तयार झाले. मधलं खाचर सावकाश भरता येईल.